बर्लिनच्या संग्रहालयांतला एक दिवस: गोव्याहून जाणाऱ्यांसाठी

युरोपच्या सहलीत बर्लिनच्या वाट्याला बहुधा दोनच दिवस येतात आणि त्यांतल्या एका दिवसात स्प्रे नदीतल्या म्युझियम आयलंडवरची पाचही संग्रहालये उरकण्याचा बेत आखला जातो. तसे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सकाळी एकच संग्रहालय मन लावून पाहावे आणि दुपारनंतरचा सगळा वेळ त्याच परिसरात पायी हिंडण्यासाठी मोकळा ठेवावा. सकाळी आत जे पाहिले, त्याचेच धागेदोरे बाहेर रस्त्यावर पुन्हा भेटत राहतात.

सर्वांत आधी वार ठरवावा. आपल्याकडे जुन्या गोव्यातले पुरातत्त्व संग्रहालय शुक्रवारी बंद असते. बर्लिनमध्ये बहुतेक सरकारी संग्रहालये सोमवारी बंद असतात, तर म्युझियम आयलंडशेजारचे हुम्बोल्ट फोरम हे संग्रहालय मंगळवारी. रविवारी संग्रहालये उघडी असली तरी जवळजवळ सगळी दुकाने बंद असतात. त्यामुळे बुधवार ते शनिवार यांपैकी एखादा दिवस निवडावा आणि जाण्यापूर्वी संकेतस्थळावर वेळा पाहून घ्याव्यात. अनेकजण ज्याच्यासाठी म्हणून येतात ते पेर्गामोन संग्रहालय दुरुस्तीसाठी ऑक्टोबर २०२३ पासून पूर्ण बंद झाले असून, त्याचा काही भाग २०२७ मध्ये उघडण्याचे नियोजन आहे. तेव्हा त्याच्यावर विसंबून दिवस आखू नये.

पहिल्या भेटीसाठी मी नॉयेस म्युझियम सुचवीन. सकाळी दहाच्या सुमाराची वेळ ठरवून तिकीट आधीच ऑनलाइन काढावे. अठरा वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य आहे. तेथे जाण्यासाठी यू-५ ही भुयारी रेल्वे सोयीची आहे. कागदी तिकिटावर गाडीत चढण्यापूर्वी यंत्रातून शिक्का मारून घ्यावा लागतो, ही गोष्ट आपल्या बसच्या सवयीमुळे हमखास विसरली जाते, आणि साध्या कपड्यांतला तपासनीस आला तर शिक्का नसलेले तिकीट हे तिकीट नसल्यासारखेच धरून साठ युरो दंड होतो. म्युझियमइन्झेल स्थानकावर उतरल्यावर घाई करू नये, फलाटावर थांबून वर पाहावे: गडद निळ्या छतावर दिव्यांचे तारांगण आहे. वास्तुकार कार्ल फ्रीड्रिख शिंकेल यांनी एका संगीतनाटकासाठी काढलेल्या देखाव्यावरून ते घेतले आहे. हे नाव लक्षात ठेवावे, कारण दिवसभर ते सोबत राहणार आहे.

संग्रहालयात मोठी बॅग आणि जाड कोट आत नेता येत नाहीत, म्हणून ते आधी ठेवून द्यावेत. नंतर वाटेतल्या दालनांत न रमता थेट वरच्या मजल्यावर, उत्तरेकडच्या घुमटाखाली असलेल्या नेफर्टिटीकडे जावे, कारण गर्दी वाढल्यावर तिच्यासमोर शांतपणे उभे राहता येत नाही. राणीचा हा अर्धपुतळा डिसेंबर १९१२ मध्ये इजिप्तमधल्या अमार्ना येथे एका शिल्पकाराच्या कार्यशाळेत सापडला. त्याचे वय सुमारे ३३०० वर्षे आहे. उजव्या डोळ्यात बाहुली आहे, डावा डोळा मात्र कोराच आहे. त्यासाठी चारही बाजूंनी फिरून पाहावे. त्या दालनात छायाचित्रे काढण्यास मनाई आहे, आणि मला तरी तो नियम उपकारक वाटतो. इजिप्तने हा पुतळा परत मागितलेला आहे, हेही पाहताना ध्यानात असावे.

परतताना वस्तूंइतकेच भिंतींकडे लक्ष द्यावे. शिंकेल यांचे शिष्य स्ट्यूलर यांनी बांधलेली ही इमारत दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्यांनी उद्ध्वस्त झाली आणि कित्येक दशके तशीच पडून राहिली. डेव्हिड चिपरफील्ड यांनी ती उभी करताना जखमा झाकल्या नाहीत: जुन्या रंगीत गिलाव्याच्या शेजारी साधी वीट आहे, होरपळलेले खांब तसेच ठेवले आहेत. २००९ मध्ये ती पुन्हा खुली झाली. जुन्या गोव्यात संत ऑगस्टीनचा मनोरा पाहिलेल्या माणसाला येथे विशेष काही उमगते. आपण भग्नावशेष भग्नच जपला, तर त्यांनी त्यातच पुन्हा वावर सुरू केला. एवढ्यासाठी दोन-अडीच तास पुरतात. पाय दुखू लागले की उरलेली दालने खुशाल सोडावीत.

जेवणानंतर लुस्टगार्टन या मोकळ्या बागेत यावे. समोर रांगेने अठरा खांब असलेले आल्टेस म्युझियम दिसते; १८३० मध्ये खुले झालेले हे संग्रहालय शिंकेल यांचेच. बागेपलीकडे हुम्बोल्ट फोरमसमोर सांचीच्या पूर्व तोरणाची दगडी प्रतिकृती उभी आहे, ती अवश्य पाहावी. तेथून पूल ओलांडून उन्टर डेन लिंडेन रस्त्याने गेल्यावर उजव्या हाताला नॉये वाखे ही छोटी इमारत लागते. तीही शिंकेल यांची. आत केटे कोल्विट्झ यांच्या शिल्पातली, मृत मुलाला कवटाळून बसलेली आई एकटीच आहे आणि छताच्या गोल झरोक्यातून पाऊस, हिमकण थेट तिच्यावर पडतात. कोल्विट्झ यांचा धाकटा मुलगा १९१४ मध्ये युद्धात मारला गेला होता. येथे बोलू नये.

थोडे पुढे डाव्या हाताला बेबेलप्लाट्झ चौक आहे. १० मे १९३३ रोजी नाझींनी येथे पुस्तकांची होळी केली. आता जमिनीत एक काच बसवलेली असून तिच्याखाली रिकामी पांढरी कपाटे आहेत. उन्हात काचेवर केवळ आभाळ दिसते, म्हणून तिन्हीसांजेला जावे. मात्र जूनमध्ये सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो आणि डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या सुमारास, त्यानुसार फिरण्याचा क्रम बदलावा. रस्त्याकडेच्या सायकलींच्या पट्ट्यात मात्र पाऊल टाकू नये.

उन्हाळ्यात मधला वेळ हाकेशर मार्क्टच्या मागच्या गल्ल्यांत घालवावा. तेथे फिरताना नजर खाली असू द्यावी. घरांच्या दारासमोर फरसबंदीत, नाझींच्या छळाला बळी पडलेल्यांच्या स्मरणार्थ, दहा सेंटिमीटरचे पितळी चौकोन बसवलेले आढळतात. सुरुवातीचे शब्द बहुधा ‘हिअर वोन्टे’, म्हणजे ‘येथे राहत होते’, असे असतात. खाली नाव, जन्मसाल, आणि त्या माणसाला कधी व कोठे नेले ते. ते वाचायला वाकावेच लागते. वाचून झाल्यावर ज्या दारासमोर तो चौकोन आहे, त्या दाराकडेही एकदा पाहावे.