शापित कंदील घडवताना: आधी उःशाप लिहा

पुराणातल्या शापाची एक रीत असते. ऋषी रागावतात, समोरचा पाय धरतो आणि मग उःशाप मिळतो: अमुक घडेल तेव्हा सुटशील. पुढची सगळी कथा त्या उःशापाच्या वाटेने जाते. डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकत कथा रंगवायच्या खेळाच्या टेबलावर शापित वस्तू फसते ती नेमकी इथे. डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) शाप मन लावून लिहितो आणि उःशाप लिहायचाच राहतो. मग पार्टी (खेळाडूंच्या पात्रांची टोळी) जवळच्या देवळात जाऊन 'रिमूव्ह कर्स' हा शाप सोडवणारा मंत्र करून घेते, वस्तू नदीत फेकते आणि दोन महिने रंगवायचं ठरवलेलं प्रकरण वीस मिनिटांत आटोपतं.

म्हणून इथे एक वस्तू उलट्या क्रमाने, पूर्ण तयार होईपर्यंत घडवू. हिशोब पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांवर आहे. २०२४ च्या नियमांमुळे जिथे आकडे बदलतात तिथे तसं सांगितलं आहे. पार्टी चार जणांची, पाचव्या-सहाव्या लेव्हलची धरू.

नियम काय म्हणतात

अट्यूनमेंटला (जादूची वस्तू स्वतःशी जुळवून घ्यायला) एक शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती), म्हणजे किमान एक तास लागतो आणि एका कॅरेक्टरला एका वेळी तीनच वस्तू अट्यून करता येतात. 'आयडेंटिफाय' हा वस्तू ओळखण्याचा मंत्र टाकला तरी शाप बहुधा दिसत नाही. शापित वस्तूचं अट्यूनमेंट स्वेच्छेने सोडता येत नाही. 'रिमूव्ह कर्स' हा तिसऱ्या पातळीचा स्पेल (मंत्र) आहे. क्लेरिक (पुजारी) आणि विझर्डला (जादूगाराला) तो पाचव्या लेव्हलपासून मिळतो, पॅलाडिनला (धर्मयोद्ध्याला) नवव्या. आणि इथली खरी मेख: जादूच्या वस्तूवर हा स्पेल टाकला तर वस्तूतला शाप तसाच राहतो. तुटतं ते फक्त मालकाचं अट्यूनमेंट.

ही मेख डीएमच्या बाजूची आहे. तरीही 'या वस्तूवर रिमूव्ह कर्स चालत नाही' असं अनेक जण लिहून टाकतात. ते करू नका. क्लेरिक खेळणाऱ्याने तो स्पेल तयार ठेवला, स्लॉट (स्पेल टाकायची मोजकी संधी) खर्च केला. त्याचं मोल त्याला मिळालंच पाहिजे. सुटका होऊ द्या, फक्त सुटकेबरोबर फायदाही हातचा जाऊ द्या.

हातातून सुटू नये असा फायदा

उणे एकची तलवार (फेकीतून एक वजा करणारी) ही शापित वस्तू म्हणून सगळ्यांत वाईट. तिच्यात खेळाडूला निवडायला काहीच नसतं. शाप कळल्यावर खेळाडू वस्तू टाकायला निघावा आणि दारात थबकावा, इतका फायदा हवा. मोजमाप सोपं आहे: पार्टीच्या लेव्हलला साजेशा वस्तूपेक्षा एक पायरी जास्त ताकद द्या. पाचव्या-सहाव्या लेव्हलला अनकॉमन वस्तू सर्रास असतात, म्हणून आपली वस्तू दुर्मिळतेत त्यावरच्या पायरीची, रेअर.

शून्यातून काही शोधायची गरज नाही. डंजन मास्टर्स गाईडमध्ये 'लँटर्न ऑफ रिव्हीलिंग' आहे: अनकॉमन, ३० फुटांच्या प्रखर उजेडात अदृश्य प्राणी दिसतात. तिथेच 'वेपन ऑफ वॉर्निंग' आहे: ते जवळ असेल तर ३० फुटांतले साथीदार अचानक हल्ल्यात सापडत नाहीत. दोन्ही गुण एका कंदिलात घाला. दोन्ही वस्तू आधीच तपासलेल्या असल्यामुळे तोल बिघडण्याची भीती फार राहत नाही.

शस्त्राऐवजी कंदील घेण्यामागे विचार आहे. शापित तलवारीचा फायदाही एकाचा आणि त्रासही एकाचा, त्यामुळे बाकीचे तिघे नुसते बघे होतात. कंदिलाचा उजेड चौघांवर पडतो आणि किंमत मोजतो तो एकटा धरणारा. 'तू धरतोस म्हणून आम्ही निवांत झोपतो' हे वाक्य टेबलावर कुणीतरी म्हणेलच, आणि तिथून पुढे शाप सगळ्या पार्टीचा होतो.

शापाचं मूळ आणि उःशाप

डोंगरातल्या खिंडीत एक चौकीदार रात्रभर कंदील घेऊन बसायचा. एका रात्री त्याचा डोळा लागला. खालचं गाव सकाळपर्यंत उरलं नाही. तेव्हापासून कंदील कुणाला नीट झोपू देत नाही.

एवढं पुरे, तीन-चार वाक्यांपेक्षा मोठा इतिहास टेबलावर कुणाच्या लक्षात राहत नाही. उःशाप या चुकीतूनच काढायचा: त्याच खिंडीत, सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत, कंदील पेटता ठेवून धरणाऱ्याने जागायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या भरवशावर झोपायचं. रात्रीच्या तीन टप्प्यांत कॉन्स्टिट्यूशनच्या (शरीराच्या दमाच्या) तीन सेव्ह, म्हणजे संकट टाळायच्या फेकी: डीसी (गाठायचा आकडा) १०, १३, १५. एखादी चुकली म्हणून रात्र वाया घालवू नका. पहाटे येणाऱ्या सावल्या ९० फुटांवरून सुरुवात करतात. प्रत्येक चुकलेल्या सेव्हमागे ३० फूट जवळ येतात. तिन्ही चुकल्या तर त्या थेट अंथरुणाशी उभ्या. रात्र निभावली की शाप संपतो आणि हातात साधा 'लँटर्न ऑफ रिव्हीलिंग' उरतो.

शाप कधी चावतो

इथे सगळ्यांत जास्त वेळ द्या. परशुरामांनी कर्णाला दिलेला शाप आठवा: ऐन गरजेच्या वेळी तुला अस्त्र आठवणार नाही. कथेत तो अंगावर काटा आणतो, टेबलावर मात्र चालत नाही. 'ऐन गरजेची वेळ' ठरवणार कोण? डीएम. मग शाप खेळाडूला डीएमची मर्जी वाटू लागतो. शापाची खूण मोजता येईल अशी हवी: लाँग रेस्ट (रात्रीची मोठी विश्रांती) संपताना, हिट पॉइंट (जीवनशक्तीचे गुण) निम्म्याखाली गेल्यावर, फाशावर नैसर्गिक १ पडल्यावर. खूण समोर दिसली की खेळाडू स्वतः म्हणतो, 'थांब, माझी सेव्ह राहिली.'

खूण किती वेळा येते हेही मोजा. 'बर्सर्कर अ‍ॅक्स' या शापित कुऱ्हाडीचं उदाहरण घ्या: शत्रूने इजा केली की दर वेळी विझडमची (शहाणपणाची) डीसी १५ सेव्ह, नाहीतर जवळच्या कुणावरही हल्ला. विझडमला काहीच बोनस नसलेला फायटर ती ३० टक्के वेळा साधतो. एका लढाईत तीन फटके बसले तर तिन्ही वेळा निभावण्याची शक्यता तीन टक्क्यांच्याही आत. म्हणजे प्रत्येक लढाईत तो मित्रांवर धावणार. पहिल्यांदा थरार असतो, चौथ्यांदा कंटाळा. शिवाय कॅरेक्टरचा ताबा काढून घेणारा शाप काही जणांना मनापासून नकोसा असतो. असलं काही घालायचं असेल तर सेशन झीरोमध्येच (खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीत) विचारा.

आपल्या कंदिलाची खूण: प्रत्येक लाँग रेस्टच्या शेवटी विझडमची सेव्ह, डीसी १३. बोनस +२ असेल तर बरोबर ५० टक्के. 'झोपल्यावर' असं लिहू नका, 'लाँग रेस्टच्या शेवटी' असंच लिहा. एल्फ झोपतच नाहीत, चार तासांच्या ट्रान्सवर (ध्यानावर) भागवतात, आणि एल्फ खेळणारा ही पळवाट पहिल्याच रात्री शोधतो.

किंमत किती

झोप उडवणारा शाप म्हटलं की हात आपसूक 'एक्झॉशन'कडे (थकव्याच्या चढत्या पातळ्यांकडे) जातो. आवरा. २०१४ च्या नियमांत तिसऱ्या पातळीला सेव्हवरच दोनदा फासा टाकून कमी आकडा घ्यायला लावणारा डिसअ‍ॅडव्हान्टेज येतो. आपली ५० टक्क्यांची सेव्ह २५ वर येते आणि सहाव्या पातळीला मरण. २०२४ मध्ये प्रत्येक पातळीला डी-२० च्या (वीस बाजूंच्या फाशाच्या) फेकीवर उणे दोन, म्हणजे घसरण पहिल्याच रात्री सुरू. ज्या शापामुळे त्या शापाचीच सेव्ह अवघड होते, तो स्वतःच्या वजनाने कॅरेक्टरला बुडवतो.

त्याऐवजी हिट डाइस (शॉर्ट रेस्टमध्ये जखमा भरायला खर्चायचे फासे) घ्या. सेव्ह चुकली तर त्या लाँग रेस्टमध्ये हिट डाइस परत येत नाहीत. २०१४ च्या नियमांनी सहाव्या लेव्हलला एरवी तीन परत आले असते. २०२४ मध्ये सगळेच परत येतात, तिथे 'निम्मेच येतात' असं करा. कुणी मरत नाही, पण तिसऱ्या दिवशी शॉर्ट रेस्टला हात झटकून 'माझ्याकडे फासेच नाहीत' म्हणण्याची वेळ येते.

मग पायऱ्या. पहिल्या चुकलेल्या सेव्हला हिट डाइस. एकूण तीन चुकल्या की कंदील विझवता किंवा झाकता येत नाही: रात्रीचा उजेड दुरून दिसतो आणि धरणाऱ्याला लपण्याच्या फेकीवर डिसअ‍ॅडव्हान्टेज. सहा चुकल्या की पार्टीतलं कुणी उजेडात झोपलेलं किंवा बेशुद्ध असताना त्याला ३० फुटांपलीकडे सोडून जायला विझडमची डीसी १५ सेव्ह. निम्म्या सेव्ह चुकतात असं धरलं तर दुसरी पायरी सरासरी सहाव्या रात्री येते, तिसरी बाराव्या. हा वेग आपल्या कॅम्पेनशी ताडून पाहा. एका सेशनमध्ये तीन-तीन रात्री सरत असतील तर तीन-सहाऐवजी चार-आठ करा.

तिसऱ्या पायरीतही कंदील धरणाऱ्याच्या हातून वाईट काही करवत नाही. चांगलंच करवतो, फक्त नको त्या वेळी. हा फरक जपा.

पळवाटा आधीच बंद करा

वस्तू १०० फुटांपलीकडे २४ तास राहिली की अट्यूनमेंट तुटतं. कंदील एका गावात ठेवून पुढच्या गावी जायचं कुणालातरी सुचेलच. हे 'स्वेच्छेने सोडणं' धरायचं की नाही, ते आधी ठरवून लिहा. इथे न तुटणं बरं: मुद्दाम मागे ठेवला तर उजेड जातो, सेव्ह मात्र चालूच राहते.

दुसरी पळवाट मात्र उघडी ठेवा. 'रिमूव्ह कर्स'ने एकाचं अट्यूनमेंट तोडायचं आणि दुसऱ्याने तासभर बसून कंदील घ्यायचा. चुकलेल्या सेव्हची मोजणी शून्यावर येते. पाचव्या लेव्हलच्या क्लेरिककडे तिसऱ्या पातळीचे दोनच स्लॉट असतात, त्यामुळे हे फुकट होत नाही. पार्टी पाळ्या लावून शाप वाटून घेऊ लागली तर समजा वस्तू जमली.

सुगावे

शाप गुप्त असला तरी चाहूल लागलीच पाहिजे, नाहीतर खेळाडूला फसवल्यासारखं वाटतं. तीन सुगावे ठेवा, कारण एक हुकतो आणि एक चुकीचा समजला जातो. कंदील सापडतो तो ताठ बसलेल्या सांगाड्याजवळ. मूठ इतकी गुळगुळीत की बोटांचे ठसे खोल गेलेत. आणि जवळच्या वस्तीत म्हातारी माणसं अंगाई गाताना चौकीदाराचं कडवं गाळतात. विचारलं तर विषय बदलतात. यातून कुणी शहाणा खेळाडू आधीच सावध झाला आणि तरीही त्याने कंदील उचलला, तर याहून चांगली सुरुवात नाही.

दोन कार्डं

खेळाडूला द्यायची दोन वेगळी कार्डं करा. पहिल्यावर फक्त फायदा:

*चौकीचा कंदील. रेअर, अट्यूनमेंट आवश्यक. ३० फूट प्रखर उजेड, पुढे ३० फूट मंद. प्रखर उजेडात अदृश्य प्राणी दिसतात. तू शुद्धीवर असेपर्यंत तू आणि प्रखर उजेडातले साथीदार अचानक हल्ल्यात सापडत नाहीत.*

दुसरं पहिल्या चुकलेल्या सेव्हनंतर:

*शाप. लाँग रेस्टच्या शेवटी विझडम, डीसी १३. चुकल्यास हिट डाइस परत मिळत नाहीत. चुकलेल्या सेव्ह मोजत राहा.*

शेवटचं वाक्य वगळू नका. ते वाचलं की मोजणी वाढल्यावर आणखी काही होणार हे कळतं, काय ते कळत नाही. पहिल्या सेव्हआधी कारण न सांगता फासा टाकायला लावा आणि निकाल एका ओळीत सांगा: 'रात्रभर कुणीतरी खिंडीतून चालत येतंय असं वाटत राहिलं.' खेळ ऑनलाइन असेल तर दुसरं कार्ड खाजगी संदेशाने पाठवा आणि इतरांना सांगायचं की नाही ते त्या खेळाडूवर सोडा. खिंड नकाशावर पहिल्या सेशनपासूनच नावासकट दाखवलेली असू द्या, पार्टीच्या नेहमीच्या वाटेपासून दोन-तीन दिवसांच्या अंतरावर.