इंग्रजीतलं रडणं जर्मनमध्ये आणताना

मजकुरात 'वेल' (आक्रोश करणं), 'मोन' (कण्हणं), 'व्हिंपर' (बारीक आवाजात रडणं) असा शब्द आला की शब्दकोश उघडण्याआधी दोन गोष्टी ठरवा: आवाज कोणाचा आहे आणि श्वास कसा चाललाय. जर्मन क्रियापद त्यावरच ठरतं.

'सॉब' सोपा. श्वास अडकत येणारा हुंदका म्हणजे 'श्लुख्त्सेन'. 'व्हिंपर' माणसाचं असेल तर 'विमर्न', कुत्र्याचं असेल तर 'विन्झेल्न'. माणसाला 'विन्झेल्न' लावलं की तो लाचार होऊन गयावया करतोय असं वाटतं. वाचकाला ज्याची कणव यायला हवी त्याच्यासाठी ते वापरू नका. वेदनेनं कण्हणं म्हणजे 'श्ट्योनेन'. ओझ्याखाली करकरणाऱ्या लाकडाला मात्र 'एश्त्सेन'.

खरी अडचण 'वेल'ची. त्यासाठी 'हॉयलेन' हाच शब्द आधी सुचतो. भोंगा, लांडगा, वारा यांना तो चपखल बसतो. पण मूल गमावलेल्या आईला 'हॉयलेन' लावलं तर तिनं भोकाड पसरलं असा सूर लागतो, कारण माणसाच्या रडण्यासाठी हा बोलीतला शब्द आहे. रडूबाईला 'हॉयलझूझे' म्हणतात ते त्यावरूनच. त्या आईसाठी 'लाउट क्लागेन' (मोठ्यानं विलाप करणं) घ्या, मजकूर जुन्या, गंभीर वळणाचा असेल तर 'वेक्लागेन'. 'यामर्न' जपून वापरा: आज त्याचा अर्थ बहुतेकदा रडगाणं गाणं, कुरकुर करणं असाच घेतला जातो.

'कीन' हा इंग्रजीत आयरिशमधून आला. मृतासाठी सूर लावून केलेला तो विलाप एका जर्मन क्रियापदात मावत नाही. 'डी टोटेनक्लागे आनश्टिमेन' असं पूर्ण लिहा. 'आनश्टिमेन' म्हणजे सूर धरणं, त्यामुळे गाण्याचा अंशही टिकतो.

इंग्रजीत 'शी गेव्ह अ सॉब' असतं तिथे 'गेव्ह'ला प्रतिशब्द शोधत बसू नका. एकदाच, अचानक फुटणाऱ्या आवाजासाठी क्रियापदाला 'आउफ' जोडतात: 'झी श्लुख्त्स्टे आउफ'. 'आउफश्ट्योनेन', 'आउफहॉयलेन' ही तशीच.

नाम हवं असेल तर क्रियापदाच्या मूळ रूपाआधीच 'दास' हे उपपद लावा: 'दास श्लुख्त्सेन', 'दास विमर्न'. क्रियापदाच्या मुळाआधी 'गे' लावून केलेली नामं फसवी असतात. 'गेहॉयल' म्हणजे लांडग्यांचा नुसता आवाज. शेवटी 'ए' लागून 'गेहॉयले' झालं की ऐकणारा वैतागलाय. 'गेयामर'मध्ये तर 'ए'शिवायच वैताग आहे. दुःखाच्या प्रसंगात ही एक मात्रा सगळा परिणाम घालवते.

चित्रकथेतल्या फुग्यात 'सॉब!' असेल तर शेवटचा 'एन' काढून उरलेलं मूळ लिहा: 'श्लुख्त्स!' सुस्काऱ्याला तसंच 'झॉयफ्त्स!' 1951 पासून जर्मन 'मिकी माउस' मासिकाची भाषांतरं करणाऱ्या एरिका फुक्स यांनी ही रूपं इतकी रुळवली की या रूपांना त्यांच्या नावावरून गमतीनं 'एरिकाटिफ' म्हणतात. कादंबरीच्या निवेदनात ती घालू नका. तिथे ती चित्रकथेसारखीच वाचली जातात.