पाठदुखीसाठी ब्रेन स्टिम्युलेशन: या रिसर्चमध्ये नवीन येणाऱ्यांसाठी माझा अनुभव

मी फिजिओथेरपी करून या कामात आले तेव्हा डोक्यात एकच प्रश्न होता, दुखतंय कंबरेत तर मशीन डोक्याला का? तुम्हालाही पेशंट पहिल्याच दिवशी हेच विचारणार, म्हणून उत्तर तयार ठेवा. दुखणं 3 महिन्यांच्या वर गेलं की त्याला क्रॉनिक म्हणतात, आणि तोवर बऱ्याच जणांचा एमआरआय आणि त्यांचं दुखणं यांचा मेळच बसत नाही, कारण मज्जासंस्थाच वेदनेचे सिग्नल वाढवून द्यायला लागलेली असते. मग मेंदूतल्या मोटर कॉर्टेक्सवर, म्हणजे हालचाली चालवणाऱ्या भागावर, काम करून ते सिग्नल खाली आणता येतात का, हे आपण बघतो. मोटर कॉर्टेक्सच का, तर 1991 मध्ये जपानमध्ये त्सुबोकावा यांनी तिथे ऑपरेशन करून इलेक्ट्रोड बसवले आणि मेंदूला इजा होऊन सुरू झालेली वेदना त्याने कमी होते असं दाखवलं. आपण तेच कवटी न उघडता करायला बघतोय.

मशीन मुख्यतः दोन. टीएमएसमध्ये (ट्रान्सक्रेनिअल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन) कॉइलने चुंबकीय पल्स देतात, 1985 मध्ये शेफील्डला बार्कर आणि त्यांच्या टीमने हे पहिल्यांदा केलं. टीडीसीएसमध्ये (ट्रान्सक्रेनिअल डायरेक्ट करंट स्टिम्युलेशन) ओल्या स्पंजमधून 1 ते 2 मिलिअँपिअर करंट साधारण 20 मिनिटं देतात. मशीन चालवणं आठवडाभरात येतं हो, पण डोकं मोजायला शिका! नाकाच्या वरच्या खाचेपासून मागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत टेप, मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, आणि तिथून मोटर पॉइंट काढायचा. मी सुरुवातीला स्पंज इतके ओले करायचे की पाणी केसांतून पसरायचं आणि करंट नक्की कुठून जातोय तेच सांगता यायचं नाही, कोरडा राहिला तर कातडी चुरचुरते. ते माप हातात बसेपर्यंत मैत्रिणींच्या डोक्यावर प्रॅक्टिस केली, करंट न देता.

स्क्रीनिंग फॉर्मवर विसंबून राहू नका. एका पेशंटने फिट्सच्या प्रश्नावर 'नाही' लिहिलं होतं, टीएमएसच्या आधी मी सहज परत विचारलं तर म्हणाले, लहानपणी यायच्या पण आता बऱ्या झाल्यात. तिथेच थांबलो आणि आधी डॉक्टरांशी बोललो. डोक्यातला धातू, पेसमेकर, कॉक्लिअर इम्प्लांट, चालू गोळ्या, सगळं तोंडी परत विचारा, घाई असली तरी.

आता सगळ्यात महत्त्वाचं, शॅम. म्हणजे तुलनेसाठी दिलेलं खोटं सेशन. टीडीसीएसमध्ये सुरुवातीला अर्धा मिनिट वगैरे करंट देऊन बंद करतात, पेशंटला मुंग्या येतात आणि त्याला वाटतं चालूच आहे. हे का लागतं ते वाचून नाही, पेशंटसमोर बसून कळतं. रोज कोणीतरी अर्धा तास आपुलकीने बोलतंय, डोक्याला यंत्र लागलंय, यानेच स्कोअर, म्हणजे पेशंट सांगतो तो वेदनेचा आकडा, खाली येतो, शिवाय पाठदुखी आपोआपही कमीजास्त होते आणि लोक ट्रायलला येतात ते ती जास्त असतानाच. 2015 मध्ये बीएमजे या मेडिकल जर्नलमध्ये आलेली पाठदुखीवरची टीडीसीएस ट्रायल नक्की वाचा, 135 लोक, 5 दिवस रोज 20 मिनिटं 2 मिलिअँपिअर, आणि शॅमपेक्षा काहीच फरक नाही. नसांच्या दुखण्यात टीएमएसचा पुरावा बराच चांगला आहे, पाठीसाठी तसा नाही, आणि हे पेशंटला साध्या शब्दांत सांगायलाच हवं असं माझं ठाम मत आहे. मोटर कॉर्टेक्समध्ये पाठीचा भाग मधल्या रेषेजवळ, छोटासा असतो, बहुतेकदा आपण हाताचा भाग उद्दीपित करतो, आणि दुखणं तर अनेकांचं दोन्ही बाजूंना. कोणाला या विषयात पीएचडी करायची असेल तर इथे खूप काम बाकी आहे.

स्कोअर विचारताना गप्प बसायला शिका. "चार म्हणू का पाच, तुम्हीच सांगा" असं पेशंट विचारतात आणि मान हलवायचाही मोह होतो. हलवू नका.

ट्रायल संपल्यावर एका काकूंना कळलं की त्यांना शॅम मिळालं होतं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "मग मी जिने चढायला लागले ते काय?" मी म्हटलं, काकू ते खरंच आहे, फक्त ते करंटने झालं नाही. एवढंच बोलले आणि पुढे सुचेना. तुमच्या ट्रायलमध्ये हे बोलणं कोण करणार, काय सांगणार, ते पहिला पेशंट घ्यायच्या आधी गाइडसोबत बसून लिहून काढा, आणि त्यासाठी वेगळा वेळ ठेवा.