खासगीपणाची कार्यशाळा घेताना राजकारणाचं काय करायचं?

हजेरीचा कागद फिरवू नका. सरकारी पाळतीविरुद्ध जमलेल्यांची नावं, नंबर आणि सह्या आयोजकांनीच गोळा करून ठेवायच्या, हा विनोद बऱ्याच कार्यशाळांत घडतो. किती जण आले, एवढा आकडा पुरे. निरोपांसाठी व्हॉट्सॲप ग्रुपही नको; त्यात प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. सिग्नल हे मेसेजिंग ॲप वापरा. तिथे ज्यांच्याकडे नंबर आधीपासून सेव्ह आहे त्यांनाच तो दिसतो. मात्र नंबर टाकून आपल्याला शोधता येतं, तेही प्रायव्हसीच्या सेटिंग्जमध्ये ‘फोन नंबर’खाली जाऊन बंद करा. ग्रुपमध्ये लिंकवरून घ्या आणि मेसेज आपोआप पुसले जाण्याची मुदत एक आठवडा ठेवा.

एका शिकवणाऱ्यामागे दहा-बारा माणसं, वेळ दोन तास. पहिली वीस मिनिटं एकही ॲप उघडायचं नाही. काय जपायचंय, कोणापासून, ते हाती लागलं तर नुकसान किती, आणि त्यासाठी रोज किती त्रास सोसाल, याची उत्तरं प्रत्येकाने स्वतःशी लिहायची. हा भाग कंटाळवाणा म्हणून गाळला जातो आणि मग सगळ्यांना सरसकट टॉर, म्हणजे इंटरनेटवर आपला माग लपवणारं साधन, शिकवलं जातं. जिला घरातल्याच माणसाची भीती आहे, तिला टॉर काय कामाचं? तो तिचा फोन हातात घेऊन वाचतो. तिला हवा नवा पासकोड, फोनमध्ये कोणाकोणाच्या बोटांचे ठसे नोंदवलेत याची पाहणी, आणि मेसेजिंग ॲपमधल्या ‘लिंक्ड डिव्हाइस’च्या यादीवर एक नजर. हे एकदम बदललं तर त्याला संशय येईल का, तेही आधी बोलून घ्या.

मग मेटाडेटा. मजकूर कुलूपबंद असला तरी कोण, केव्हा, कुठून बोललं हे उरतंच. दोन उदाहरणं शेजारी ठेवा, लोकांना लगेच कळतं. 2016 साली अमेरिकेत सिग्नलकडे माहिती मागितली गेली, तेव्हा खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं, एवढंच त्यांना देता आलं. बाकी काही साठवलेलंच नव्हतं. 2021 साली प्रोटॉनमेल या स्वित्झर्लंडच्या ईमेल सेवेला मात्र स्विस आदेशामुळे एका खात्याचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीचा क्रमांक, नोंदवून द्यावा लागला. मेल वाचले गेले नाहीत, तरी माणूस सापडला.

साधनं क्वचितच फुटतात, सवयी फुटतात. ‘सिल्क रोड’ हा अमली पदार्थांचा छुपा ऑनलाइन बाजार चालवणारा रॉस उल्ब्रिक्ट 2013 मध्ये पकडला गेला. सुरुवातीच्या एका पोस्टमध्ये त्याने स्वतःच्या नावाचा ईमेल दिला होता, तो तपासात सापडला. अटकेच्या वेळी त्याचा लॅपटॉप वाचनालयात उघडा, लॉगइन केलेला होता. डिस्क एन्क्रिप्शनचा, म्हणजे साठवलेला मजकूर कुलूपबंद करण्याचा, खरा उपयोग यंत्र बंद असताना. म्हणून फोन जप्त होण्याची शक्यता असेल तिथे तो नुसता लॉक न करता पूर्ण बंद करायला शिकवा.

एवढ्यात कोणीतरी उठून म्हणतोच, ‘पण मुळात सरकारच कशाला हवं?’ त्याला गप्प करू नका, आणि कार्यशाळाही त्याच्या हाती देऊ नका. अमेरिकी अभियंता टिम मे यांनी 1988 मध्ये क्रिप्टो-अराजकतेचा जाहीरनामा लिहिला. एन्क्रिप्शनने राज्यसंस्था निष्प्रभ होईल, ही त्यांची आशा होती. 1991 मध्ये पीजीपी हे ईमेल कुलूपबंद करणारं सॉफ्टवेअर देणारे फिल झिमरमन अण्वस्त्रविरोधी चळवळीतले. त्यांना नागरिकांचे हक्क हवे होते. 1990 सालची इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन ही डिजिटल हक्कांची संस्था सरकारविरुद्ध लढते ती न्यायालयात, म्हणजे व्यवस्थेच्या आत राहूनच. आणि टॉरचं मूळ तंत्र अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतलं! एवढं सांगितलं की साधनावरून माणसाचं राजकारण ओळखता येत नाही, हे सरकार नको म्हणणाऱ्यांना आणि हवं म्हणणाऱ्यांना, दोघांनाही पटतं. हिंसेच्या बेतांवर इथे चर्चा नाही, हे मात्र सुरुवातीलाच सांगा. तसं एक वाक्यही ग्रुपमध्ये पडलं, तर सगळ्यांचेच फोन तपासाच्या कक्षेत येऊ शकतात.

अशा वेगवेगळ्या विचारांच्या गटांचं संयुक्त निवेदन काढायचं असेल तर एकच मागणी, एकाच वाक्यात, आणि तीही नकाराची ठेवा. 1993 मध्ये एन्क्रिप्शनची चावी सरकारकडे ठेवणारी क्लिपर चिप आली, तेव्हा सायफरपंक (एन्क्रिप्शनने खासगीपणा जपू पाहणारे), हक्कवाले आणि कंपन्या एकत्र उभे राहिले, ते ‘ही चिप नको’ एवढ्यावरच. ‘मग काय हवं?’ विचारलं की फाटाफूट ठरलेली. डेटा संरक्षणाचा कायदा म्हटलं की त्याबरोबर नियामक आला, आणि राज्यसंस्था नाकारणाऱ्याला तो नकोच असतो. बाजारवादी गट कंपन्यांच्या पाळतीवर सौम्य बोलतात. डावे अराजकतावादी सरकार आणि कंपन्या, दोन्हींवर तुटून पडतात. कायद्याची मागणी वेगळ्या पत्रकात, वेगळ्या सह्यांनी जाऊ द्या. मसुदा प्रत्येक गटाकडे चार दिवस आधी पाठवा, आणि पाठवण्यापूर्वी फाइलमधलं लेखकाचं नाव व बदलांचा इतिहास पुसा.