उन्हाळी घेवड्याची उगवण अशी जमली
वाईकडच्या आमच्या मळ्यात संक्रांतीच्या सुमारास टोकलेला श्रावण घेवडा निम्माही उगवायचा नाही. उकरून पाहिलं तर बी कुजलेलं. घेवड्याला माती किमान १५ अंश तरी उबदार लागते. कृष्णाकाठच्या काळ्या रानात पहाटेचा गारठा, त्यात ओल, मग दुसरं काय होणार?

आता आधी रान भिजवतो. वाफसा आला, म्हणजे चिखल जाऊन माती नुसती ओलसर राहिली, की फेब्रुवारीच्या सुरुवातीला, थंडी ओसरताना, ३-४ सेंटीमीटर खोल टोकतो आणि कोंब वर येईपर्यंत पाणी देत नाही. खरा फरक यानेच पडला. फार लांबवूनही चालत नाही, पारा ३५ च्या वर गेला की फुलं गळतात.

नांग्या, म्हणजे न उगवलेल्या रिकाम्या जागा, भरायला थोडी रोपं कागदी कपात करतो. दोन पानं उघडली की मुळांभोवतीच्या मातीच्या गड्ड्यासकट लावायची. प्लास्टिकच्या कपातून काढताना गड्डा फुटतो आणि मुळं दुखावली की रोप रुसतं.