चौकोनी कोअरच्या फायबरमधून गोल ठिपका? या चुका टाळा

चौकोनी कोअरचा (प्रकाश वाहणारा आतला भाग चौकोनी असलेला) ऑप्टिकल फायबर लावला, तरी पडद्यावर गोलच ठिपका पडतो. मग फायबर बदलायची घाई होते. दोष बहुधा त्याचा नसतो. एकसारखा उजळ चौकोन असतो तो फक्त फायबरच्या तोंडावर. कोअर १०० मायक्रॉनचा आणि एनए (प्रकाश किती कोनात पसरतो त्याचे माप) ०.२२ असेल, तर अर्ध्या मिलिमीटरवरच प्रकाश प्रत्येक बाजूला आणखी ११० मायक्रॉन पसरतो. चौकोन तिथेच संपला! नुसता कॉलिमेटर (किरण समांतर करणारी लेन्स) लावून तो परत येत नाही, कारण लांबवर दिसते ते कोनांचे चित्र, तोंडाचे नव्हे. तोंडाची प्रतिमाच घ्यावी लागते. फायबरपासून २० मिमीवर २० मिमी फोकसची लेन्स, तिच्यापुढे १२० मिमीवर १०० मिमीची, आणि तिथून १०० मिमीवर पडदा: ५०० मायक्रॉनचा चौकोन मिळेल. पहिल्या लेन्सवर झोत सुमारे ९ मिमीचा होतो, म्हणून ती त्याहून मोठी हवी. नाहीतर कडा बोथट होतात.

चौकोन आला पण दाणेदार आला, तर तो स्पेकल, म्हणजे लेझरच्या लहरी एकमेकींत मिसळून उठणारी दाणेदार नक्षी. फायबर हलवल्याने तो फक्त सरासरीत पुसला जातो, तोही कॅमेऱ्याचे एक्स्पोजर पुरेसे लांब असेल तरच. नॅनोसेकंद पल्सला हलवण्याचा काही उपयोग नाही, फायबर हलेपर्यंत पल्स निघून गेलेली असते. तिथे रुंद वर्णपटाचा स्रोत किंवा लांब फायबर घ्या. १० मीटरमध्ये मोडांच्या (फायबरमधून प्रकाश जाण्याच्या वेगवेगळ्या रीतींच्या) वाटांत सुमारे १७ सेंमीचा फरक पडतो. लेझरची कोहेरन्स लांबी (जितक्या अंतरापर्यंत लहरी एकमेकींशी जुळून राहतात) त्याहून बरीच कमी असेल तर दाणे मावळतात. मधोमध, बारीक कोनात प्रकाश सोडणे हीही नेहमीची चूक. मोजकेच मोड जागे होतात आणि मधला भाग उजळ राहतो.

सिंगल-मोड (एकच मोड वाहणाऱ्या) फायबरला ग्रेडेड-इंडेक्सचा (मधून कडेकडे अपवर्तनांक कमी होत जाणाऱ्या फायबरचा) तुकडा जोडून झोत रुंद करायचा असेल, तर लांबी अंदाजाने कापू नका. ६२.५ मायक्रॉन, ०.२७५ एनएसाठी पाव पिच (झोत सर्वांत रुंद होतो ती लांबी) साधारण २६५ मायक्रॉन; १५५० नॅनोमीटरवर झोत जवळजवळ दुप्पट रुंद होतो. माप स्प्लाइसच्या (वितळवून केलेल्या जोडाच्या) रेषेपासून, मायक्रोस्कोपखाली घ्या. आर्क (जोड वितळवणारी विजेची ठिणगी) जास्त झाला तर कोअरमधले जर्मेनियम पसरते आणि हिशेब बिघडतो.

गोव्यात जून ते सप्टेंबर स्प्लाइस यंत्राचे आर्क कॅलिब्रेशन रोज करा, दमट हवेत आर्क बदलतो. उघडी राहिलेली आयपीएची (फायबर पुसायच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलची) बाटली पाणी ओढते आणि पुसलेल्या तोंडावर डाग ठेवते. एसी खोलीतला फायबरचा डबा बाहेर आणल्यावर लगेच उघडू नका. थंड काचेवर दव धरते.