साठ फुटांचा पूर हॉलमध्ये कसा आणायचा

पावसाळा तोंडावर आला की आमच्याकडं मॉक ड्रिल होतं. घाटावर बोट, नारिंगी जॅकेट घातलेली चार पोरं, एक बुडणारा (हा हमखास पट्टीचा पोहणारा असतो), शिट्ट्या, फोटो, मग पोहे. महसुलात एकतीस वर्षं काढून मी नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. अशी ड्रिलं मी स्वतः उभी केलीत. बोटीवरच्या पोरांचा हात त्यातून बसतो, ते चांगलंच आहे. पण पुरात ज्यांनी ठरवायचं असतं ते प्रांत, तहसीलदार, बीडीओ, पोलीस निरीक्षक मंडपात खुर्चीवर बसून बघत असतात. त्यांचा सराव होतच नाही.

त्यांच्यासाठी टेबल टॉप असतं, म्हणजे खोलीत बसून निर्णयांचा सराव. मी त्याला कोरडा पूर म्हणते. गेली काही वर्षं सांगली-मिरजेच्या बाजूला बोलावतील तिथं मी तो घेते. कसा घ्यायचा हे बरेचजण विचारतात, म्हणून लिहायला बसले.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. नियंत्रण कक्षात पूर पाण्याच्या रूपात येत नाही, फोनच्या रूपात येतो. अर्धवट, उशिरा, एकच गोष्ट तीनदा, आणि मधेच एखादी साफ खोटी. त्यामुळं हॉलमध्ये पूर आणायचा तर पाणी नको, फोन हवेत.

लागतं काय? शेजारी-शेजारी दोन खोल्या. एकीत नियंत्रण कक्ष, दुसरीत 'बाहेरचं जग'. माणसं वीस-बावीस, त्यातली सहा बाहेरच्या जगात. चार-पाच साधे फोन, एक भिंतीवरचं घड्याळ ज्याचे काटे हातानं फिरवता येतात, खडू, आणि दोन जुन्या निळ्या सुती साड्या. साड्यांचं सांगते पुढं. संगणकावरचं मॉडेल आणि प्रोजेक्टर असेल तर वापरा, पण एकदा माझ्यादेखत प्रोजेक्टर बिघडला आणि अख्खा सराव तासभर त्याच्या वायरीत अडकला. खडू बिघडत नाही.

नदी जमिनीवर काढा. कराडला कोयना कृष्णेला मिळते तिथून सुरुवात, मग भिलवडी, डिग्रज, सांगलीचा आयर्विन पूल, हरिपूरला वारणा येऊन मिळते तो संगम, अंकली, आणि खाली नरसोबावाडीला पंचगंगा. नकाशा स्वतः काढून तयार ठेवू नका. भाग घेणाऱ्यांनाच काढायला लावा. वारणा आयर्विनच्या खाली मिळते की वर, यावर पंधरा मिनिटं वाद होतो. होऊ द्या. खाली मिळते आणि तिकडून फुगवटा आला की वरचं पाणी तुंबतं, हे ज्याच्या हातात खडू असतो त्याला कायमचं कळतं. पातळी वाढली की साडी पसरायची. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर या भागांत ४० फुटांच्या आधीच पाणी शिरतं, तेव्हा पहिली साडी लवकर काढावी लागते.

आता पूर किती फुटांचा? आयर्विनला इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५. २००५ चं पाणी लोकांच्या भिंतींवर आणि डोक्यात खुणेसारखं बसलं होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये घरोघर एकच उत्तर मिळायचं, "पाच सालाला इथंवर आलं होतं, त्याच्यावर नाही येत." त्या वर्षी ते ५७ च्या वर गेलं. आता सगळे एकोणीसच्या खुणेकडं बोट दाखवतात. म्हणून माझा पूर ६० फुटांचा असतो. कुणी म्हणतं, "मॅडम, साठ जरा जास्त होतंय." होऊ दे. शेवटच्या खुणेच्या आत घेतलेला सराव म्हणजे जुनी गोष्ट आठवणं.

वेळेचं गणित असं. खरी १० मिनिटं म्हणजे खेळातला एक तास. ८० मिनिटांचा एक डाव, म्हणजे आठ तासांची एक पाळी. असे तीन डाव. पहिला ३२ फुटांपासून ४० पर्यंत. मग मी जाहीर करते, "दीड दिवस गेला," आणि दुसरा ४४ ते ५२. तिसरा ५५ ते ६०. आणि प्रत्येक डावाला खुर्च्यांवरची माणसं बदलायची. पहिल्या पाळीनं दुसरीला कारभार सोपवायला पाच मिनिटं, बस्स. माझ्या मते सगळ्यात जास्त शिकायला मिळतं ते या पाच मिनिटांत. पहिल्या पाळीत कुणीतरी एसटीच्या आगाराला बारा गाड्या सांगून ठेवलेल्या असतात, ते दुसऱ्या पाळीला सांगायचं राहतं, आणि तिसऱ्या पाळीत गाड्या येऊन उभ्या राहतात तेव्हा विचारतात, "या कुणी मागवल्या?" हे मी मुद्दाम घडवत नाही. ते आपोआप घडतं.

जबाबदाऱ्या वाटताना इन्सिडेंट रिस्पॉन्स सिस्टीमचा, म्हणजे आपत्तीत कोणी काय करायचं याचा, तक्ता वापरा. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं २०१० मध्ये दिलेली पद्धत आहे: तालुक्याला तहसीलदार इन्सिडेंट कमांडर, त्याच्या हाताखाली ऑपरेशन्स, प्लॅनिंग आणि लॉजिस्टिक्स असे तीन विभाग. तक्ता भिंतीवर लावा, त्यावर भाषण नको.

खरं काम चिठ्ठ्यांचं. बाहेरच्या जगातली माणसं त्या बघून आत फोन लावतात. एका डावाला बारा ते पंधरा पुरतात. प्रत्येक चिठ्ठीवर वेळ, कोण बोलतंय, काय बोलतंय, आणि विचारलं तरच सांगायचं ते. हा शेवटचा रकाना विसरू नका. माझ्या डब्यातली एक बघा:

'सकाळी ७.४०. सरपंच. "साहेब, रस्त्यावर पाणी आलंय, जरा बघा." विचारलं तरच: गावातून बाहेर पडायचा हा एकच रस्ता आहे आणि अजून तासभर ट्रॅक्टर जाईल.'

दहातले सात जण "बरं, नोंद केली" म्हणून फोन ठेवतात. तासभरानं सरपंचाचा दुसरा फोन येतो, तेव्हा ट्रॅक्टर जात नसतो.

आणखी एक प्रकार. एकाच घरासाठी तीन फोन: पुण्यातली मुलगी, शेजारी, आणि गावातला मामा. तिघं पत्ता वेगवेगळा सांगतात, एक 'मारुती मंदिरामागं', दुसरा 'दूध डेअरीजवळ', तिसरा नुसतं आडनाव. नोंदवही नीट नसेल तर एका घराला तीन बोटी निघतात. मग 'धरण फुटलं, व्हॉट्सॲपला आलंय' ही चिठ्ठी. ती कुणाकडून तपासायची आणि लोकांना कोण सांगणार, हे आधी ठरलेलं नसेल तर अख्खा कक्ष दहा मिनिटं त्यातच बुडतो. दवाखान्याचं जनरेटरचं डिझेल, नदीकाठचं जॅकवेल (नदीचं पाणी उपसायची विहीर) पाण्याखाली गेल्यानं बंद पडलेला शहराचा पाणीपुरवठा, धोका नको म्हणून महावितरणनं बंद केलेली वीज, या सगळ्या चिठ्ठ्या एकमेकींत अडकलेल्या ठेवा. वीज गेली की मोबाइल टॉवर काही तासांनी गप्प होतात. म्हणून तिसऱ्या डावात मी स्टीलचा मोठा डबा फिरवते आणि सगळ्यांचे मोबाइल त्यात टाकायला लावते. उरतो पोलिसांचा वायरलेस आणि पायी धावणारा शिपाई. चेहरे बघण्यासारखे होतात.

एक गणिताची चिठ्ठी ठेवाच. क्युसेक (सेकंदाला किती घनफूट पाणी वाहतं) आणि टीएमसी (साठा, अब्ज घनफुटांत) यांत गल्लत न करणारा अधिकारी मला क्वचित भेटला. १ लाख क्युसेक पाणी चोवीस तास वाहिलं तर ८.६४ टीएमसी होतं, एवढं पाठ करा. मग उदाहरण: कोयनेत ९५ टीएमसी साठा, क्षमता १०५.२५. आवक ८० हजार क्युसेक, विसर्ग २० हजार. म्हणजे रोज साधारण ५.२ टीएमसीची भर, आणि जागा सव्वादहाची. दोन दिवसांत धरण भरणार आणि दरवाजे जास्त उचलावे लागणार. हे गणित कागदावर मांडलं की आवाज बदलतो, कारण तेव्हा कळतं की हातात दोन दिवस आहेत आणि जनावरं हलवायची तर आजच. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं आपल्याकडं पूर येतो का, हा विषय निघतोच. मी त्याला पाच मिनिटं देते, घड्याळ लावून. तो वाद खरा असेल नसेल, तालुक्याच्या कक्षातून तो सुटत नाही.

जनावरांच्या चिठ्ठीचा एक किस्सा. बाहेरच्या जगात मी एका जुन्या तलाठ्याला म्हातारी केलं होतं. त्यानं फोन लावला, आवाज बारीक करून. "म्या येत न्हाई. माझी म्हस कुठं सोडू?" आतला तरुण अधिकारी समजूत घालायला लागला, "आजी, जीव महत्त्वाचा, तुम्ही आधी चला." तलाठ्यानं फोन आदळला. अधिकाऱ्यानं पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तो थांबला आणि म्हणाला, "आजी, म्हशी किती? दुभत्या किती?" मग तलाठी बोलू लागला. गल्लीत एकंदर चौदा जनावरं, चारा कुणाकडं नाही, आणि दूध घालायचं कुठं. त्या एका प्रश्नानं छावणीची जागा बदलली: शाळेऐवजी मोकळं मैदान, चारा, पाण्याची टाकी, पशुवैद्यक, दूध संकलनाची गाडी. म्हैस हलली की घर हलतं.

एका चिठ्ठीला मात्र आम्ही हसत नाही. बोट दहा जणांची, काठावर बावीस माणसं, अंधार पडायला चाळीस मिनिटं. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटली आणि माणसं गेली. इथल्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे. काठावर उभं राहून कुणालाच 'तू थांब' म्हणता येत नाही. म्हणून ते आधी, कोरड्यात ठरवायचं: चढवताना पोलीस किंवा होमगार्ड कोण मोजणार, जॅकेट नाही तर बोटीत नाही, आणि आधी कोण जाणार.

एनडीआरएफला, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाला, खेळात लवकर आणू नका. त्यांची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला आहे. माणसं कमालीची कामसू, पण २०१९ ला पुणे-बंगळूर महामार्गच कोल्हापूरजवळ बंद पडला होता. पहिली पाळी तरी आपल्याच माणसांवर काढायची असं मी धरते. साताऱ्याकडं, पाटणच्या डोंगरात सराव घ्यायचा असेल तर साड्या आणि बोटी बाजूला ठेवा. तिथं २०२१ च्या जुलैमध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळल्या. तिथल्या चिठ्ठ्या रस्त्याच्या आणि गप्प पडलेल्या गावाच्या असतात. ज्या गावातून फोनच येत नाही तिथं कुणाला पाठवायचं, हा तिथला पहिला प्रश्न.

दोन निरीक्षक बसवा, अजिबात न बोलणारे. त्यांनी प्रत्येक चिठ्ठीसाठी तीन रकाने भरायचे: निरोप आला कधी, निर्णय झाला कधी, आदेश ज्याला पोचायला हवा त्याला पोचला कधी. निर्णय झटपट होतात. तिसरा रकाना बऱ्याचदा कोराच राहतो.

चर्चा जेवणाआधी घ्या. जेवणानंतर सगळे सुस्तावतात आणि एकमेकांचं कौतुक सुरू होतं. नावं घ्यायची नाहीत, 'कुणी चुकलं' म्हणायचं नाही, 'कुठं अडलं' एवढंच. वरिष्ठांनी शेवटी बोलावं. हे त्यांना सकाळीच, एकटं गाठून सांगून ठेवा.

त्यातून दहा-बारा कामं निघतात, आणि ती प्रत्यक्ष जाऊन बघावी लागतात. हे मी ठेच लागून शिकले. आमच्या एका सरावात एका गावाच्या नावापुढं 'बोट: १, सुस्थितीत' असं लिहिलं होतं. मीच लिहिलं होतं, फोनवर विचारून. पूर आला तेव्हा बोट देवळात होती, तिचं ओबीएम मशीन (बोटीच्या मागं लावायचं इंजिन) गोदामात, गोदामाची किल्ली तालुक्याला गेलेल्या माणसाच्या खिशात, आणि जॅकेटं शाळेच्या कपाटात. मशीनला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालावं लागतं हे जमलेल्यांपैकी एकाला ठाऊक होतं, तो माप विसरला होता. चार तास गेले. सुदैवानं माणसं दुसऱ्या बोटीनं निघाली.

तेव्हापासून यादीत मी 'सुस्थितीत' हा शब्द लिहू देत नाही. त्याऐवजी पाच रकाने: बोट कुठं, मशीन कुठं, इंधन आणि ऑइल कुठं, चालवणारे दोघं कोण, किल्ली कुणाकडं. आणि सहावा, शेवटचं मशीन चालू करून बघितल्याची तारीख. बदल्यांचे आदेश निघाले, नवी माणसं हजर झाली की त्यानंतरच्या आठवड्यात सराव ठेवा. आधी घेतलात तर शिकलेली माणसं दुसऱ्या जिल्ह्यात असतात आणि पाऊस तुमच्याकडं.